ओबर्नडॉर्फ आणि आजोबांची बंदूक

ब्राह्मणाच्या घरात देव्हारा असावा, पोथ्या असाव्यात, फार तर माळ्यावरच्या पेटीत पूर्वजांची एखादी तलवार असावी. पण बंदूक कशाला, असा प्रश्न आमच्या घरी येणारे पाहुणे तीन पिढ्या विचारीत आले आहेत. उत्तर सरळ आहे. आमचे आजोबा जुन्या मध्यप्रांताच्या जंगलखात्यात नोकरीस होते. त्यांच्या नोकरीची पुष्कळशी वर्षे त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, आलापल्लीच्या सागवानी जंगलात गेली. निवृत्त होऊन विलायतेस परतणाऱ्या एका गोऱ्या अंमलदाराने निघताना आपले सामान विकण्यास काढले, त्यांतून आजोबांनी एक शिकारी रायफल घेतली. पुढे नोकरी संपली, जंगल सुटले, आजोबाही गेले. बंदूक मात्र परवान्यासह एका पिढीकडून दुसरीकडे येत येत आमच्या नावावर येऊन राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाल्यापासून तिला काम असे उरले नाही. वर्षातून एकदा खंडेनवमीस तिला बाहेर काढावे, तेलाचे फडके फिरवावे, हळदकुंकू वाहावे आणि पुन्हा कुलपात ठेवावे, एवढाच तिचा कुळाचार.

ह्या बंदुकीचे रूप आता फारसे देखणे राहिलेले नाही. नळीवरचा निळसर काळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, अक्रोडी दस्त्यावर चरे पडले आहेत. आणि सर्वांत डोळ्यांस खुपणारी गोष्ट म्हणजे दस्त्याचे जे टोक खांद्यास टेकावयाचे, ते कोणी तरी करवतीने कापून त्यावर सागवानाची एक फळी तीन पितळी स्क्रूंनी बसविलेली आहे. आमचा पुतण्या स्टुटगार्ट येथे मोटारींच्या धंद्यात अभियंता आहे. यंत्राची पारख असलेल्या ह्या मुलास ते ठिगळ लहानपणापासून सहन होत नसे. "काका, एवढे उत्तम यंत्र, आणि त्याच्यावर हे बैलगाडीचे सुतारकाम! मला एकदा ती नव्यासारखी करून घेऊ द्या," असा त्याचा हट्ट. नव्यासारखी म्हणजे नवा दस्ता, दुर्बीण बसविण्यासाठी वरच्या पोलादात छिद्रे, दुर्बिणीच्या आड येणारा सुरक्षेचा खटका बदलणे आणि नळीस नवा रंग. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणे असले काम घरी करता येत नाही, परवानाधारक कारागिराकडेच द्यावे लागते. तशा एका कारागिराकडून त्याने खर्चाचा अंदाजही आणविला होता. आमचा होकार तेवढा उरला होता, आणि तो दसऱ्यापर्यंत द्यावयाचा असे ठरले होते.

२०२४ च्या जून महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे महिनाभर राहावयास गेलो. तेथे पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "काका, आपल्या बंदुकीवर ज्या गावाचे नाव कोरले आहे, ते येथून आगगाडीने दीड तासाच्या आत आहे. येता का?" नळीच्या मुळाशी असलेल्या पोलादावरची ती जर्मन अक्षरे आम्ही लहानपणी बोटांनी चाचपीत असू. 'वाफेनफाब्रिक माउझर', म्हणजे माउझर शस्त्रकारखाना, आणि पुढे नेकार नदीवरील ओबर्नडॉर्फ ह्या गावाचे नाव. १९२२ साली कंपनीने आपले नाव बदलून 'माउझर-वेर्के' असे केले. तेव्हा आमची बंदूक त्या सालाच्या आधीची, एवढे त्या अक्षरांवरून नक्की होते. ज्या गावाचे नाव घरात इतकी वर्षे कुलपात राहिले, ते पाहण्याची संधी कोण सोडील? आम्ही निघालो.

गाडी स्टुटगार्ट सोडून दक्षिणेकडे निघाली. प्रथम कारखाने, मग बटाट्याची व गव्हाची शेते, आणि होर्ब हे गाव आले तेव्हा खाली नेकार नदी दिसली. ही नदी ब्लॅक फॉरेस्टच्या पूर्वेस श्वेनिंगेनजवळ उगम पावते, स्टुटगार्टवरून जाते आणि मॅनहाइम येथे ऱ्हाइनला मिळते. आम्ही तिला उगमाकडे उलट चाललो होतो. दरी अरुंद होत गेली, दोन्ही बाजूंस देवदाराच्या जातीच्या वृक्षांची गर्द रांग लागली, आणि नदी आपल्याकडील एखाद्या घाटातील ओढ्यासारखी लहान झाली. आमच्या सौ.स ते पाहून आंबोलीचा रस्ता आठवला. ओबर्नडॉर्फला उतरलो तेव्हा गावाचे दोन भाग स्पष्ट दिसले: एक खाली नदीकाठी, आणि दुसरा वर, डोंगराच्या कडेवर एखाद्या ओट्यावर बसविल्यासारखा.

खालच्या गावात ऑगस्टिनियन पंथाचा जुना मठ आहे. त्याच्या देवळाच्या छतावर योहान बाप्टिस्ट एंडर्ले ह्या चित्रकाराने काढलेली भित्तिचित्रे आहेत. गुलाबी ढगांत बसलेले संत व देवदूत पाहून मन प्रसन्न होते. परंतु ह्या मठाचे पुढे काय झाले ते ऐकून आम्ही चकित झालो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मठांची मालमत्ता सरकारजमा झाली, आणि १८११ साली व्युर्टेंबर्गचा राजा पहिला फ्रीडरिख ह्याच्या आज्ञेने ह्याच वास्तूत राजाचा बंदुकांचा कारखाना सुरू झाला. जेथे जप चाले तेथे कानशी चालू लागल्या. आज तेथे ना जप आहे ना कानस. नगरपालिकेची कचेरी व सभागृह आहे. एकाच वास्तूने तीन जन्म घेतले आणि प्रत्येक जन्माची खूण मागे ठेविली, हे आम्ही मनात टिपून ठेविले. त्याचा उपयोग पुढे त्याच दिवशी झाला.

ह्या कारखान्यातील एका कारागिराचे दोन मुलगे विल्हेल्म व पाउल. विल्हेल्मचा जन्म १८३४ चा, पाउलचा १८३८ चा. बापाचाच धंदा दोघांनी धरला. थोरल्याला व्यवहार कळे, धाकट्याला यंत्र. त्या काळी बहुतेक बंदुका तोंडाकडून दारू ठासून भरावयाच्या असत. मागून काडतूस भरावे आणि मागचे तोंड पक्के बंद व्हावे, असा बंद शोधण्याच्या मागे युरोपातील पुष्कळ कारागीर लागले होते. माउझर बंधूंनी सिद्ध केलेली युक्ती आमच्या वाचकभगिनींस समजण्यास मुळीच कठीण नाही. आपल्या दाराची आडवी कडी आपण कशी लावतो? मूठ उचलावयाची, कडी सरकवावयाची आणि मूठ खाली पाडावयाची. मूठ खाली पडली की दार बाहेरून कितीही ढकला, कडी मागे सरकत नाही. बंदुकीचा बोल्ट हीच कडी होय. मूठ उचलून मागे ओढली की उडालेल्या काडतुसाचे नळकांडे बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत जाते, आणि मूठ खाली पाडली की बोल्टच्या तोंडावरचे दोन पोलादी कान खाचांत अडकून मागचे तोंड बंद होते. दारू पेटल्यावर नेमबाजाच्या डोळ्यापासून चार बोटांवर जो प्रचंड दाब उत्पन्न होतो, तो हे दोन कान झेलतात.

प्रशियाच्या सरकारने १८७१ साली त्यांची बंदूक सैन्यासाठी स्वीकारली, आणि १८७४ साली दोघा भावांनी तो राजाचा कारखानाच विकत घेतला. विल्हेल्म १८८२ साली वारला. पाउल मात्र सुधारणा करीतच राहिला. १९०१ साली एका नव्या बंदुकीची परीक्षा घेताना अपघात होऊन त्याचा एक डोळा गेला, तरी त्याने काम सोडले नाही. त्याच्या हातची सर्वांत पक्की रचना १८९८ सालची. तीत पुढचे दोन कान दगा देतील तर म्हणून मागे तिसरा कान ठेविलेला आहे, काडतूस फुटले तर तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर न येता बाजूस जावा म्हणून छिद्रे ठेविलेली आहेत, आणि काडतूस पेटीतून निघताक्षणी त्याची कड पकडणारा एक लांब पोलादी पंजा आहे. आजही जगात शिकारीच्या ज्या उत्तम बोल्टबंदुका होतात, त्यांतील पुष्कळांत ही रचना थोड्याफार फरकाने आढळते.

गावातील शस्त्रसंग्रहालय ज्या इमारतीत आहे तिला 'श्वेडेनबाउ', म्हणजे स्वीडिश इमारत, असे म्हणतात. स्वीडनने मागविलेल्या बंदुकांची तपासणी करण्यास आलेल्या अधिकाऱ्यांवरून तिला हे नाव पडले. दालनांतून हिंडताना एक तुर्की लेखाची बंदूक आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. तुर्कस्तानचे सैन्य ओबर्नडॉर्फच्या बंदुका वापरीत असे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूट येथे सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. त्या वेढ्यात मराठा पलटणीचे लोक होते. सातारा, रत्नागिरीकडच्या किती घरांतून ह्या गावाच्या यंत्राने दिवे विझविले असतील! दुसऱ्या महायुद्धात तर ह्याच कारखान्यात परदेशांतून धरून आणलेल्या हजारो माणसांकडून सक्तीने काम करवून घेतले गेले. १९४५ साली फ्रेंच सैन्याने गाव घेतले आणि कारखान्याची यंत्रे उखडून नेली. शिकारीच्या 'माउझर' बंदुका आता इझ्नी ह्या दुसऱ्या गावी तयार होतात. ओबर्नडॉर्फमध्ये १९४९ साली माउझरच्याच जुन्या माणसांनी दुसरा शस्त्रकारखाना काढला, तो चालू आहे. असो. बंदुकीवर लिहावयाचे आणि तिने केलेली हत्या लपवावयाची, हे आम्हांस साधणार नाही. म्हणून एवढे लिहून पुढे जातो.

कारण ह्या यंत्राचे दुसरेही एक चरित्र आहे. सैनिकी बंदुका लाखांनी होतात, सर्व एका मापाच्या. शिपाई उंच असो वा ठेंगू, बंदूक एकच. शिकाऱ्याचे तसे नाही. त्याला बंदूक आपल्या अंगाची हवी असते. म्हणून ओबर्नडॉर्फचे यंत्र घ्यावे आणि त्यास निराळी नळी, निराळा दस्ता, निराळी नेम धरण्याची पट्टी बसवून एका माणसाची बंदूक करावी, असा एक धंदाच युरोपात उभा राहिला. लंडनचे रिग्बी हे त्यांतील प्रमुख. १८९८ पासून १९१२ पर्यंत इंग्लंडात माउझरची अडत त्यांच्याकडे होती. जिम कॉर्बेट हे नाव आमच्या वाचकांस परिचित आहेच. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला त्याने १९०७ साली मारले, त्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब गव्हर्नर सर जॉन ह्युएट ह्यांनी त्यास बक्षीस दिलेली .२७५ रिग्बी ही माउझरच्या यंत्रावरच बांधलेली होती. तिच्या दस्त्यावर त्या प्रसंगाचा लेख असलेला रुप्याचा लहानसा पत्रा आहे. आमची बंदूकही त्याच मापाची, म्हणजे सात मिलिमीटरची. मात्र तिच्यावर रुप्याचा पत्रा नाही. सागवानाची फळी आहे.

दुपारी पुतण्याने आम्हांस शेजारच्या एका खेड्यात नेले. तेथे त्याच्या कचेरीतील एका शिकारी मित्राच्या ओळखीचा बंदूककार राहतो. जर्मनीत ह्या धंद्यास तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते, आणि उस्ताद म्हणवून घेण्यास पुढे आणखी परीक्षा असते. हा गृहस्थ सत्तरीच्या घरातला, हातांवर तेलाचे डाग, डोळ्यांवर सोनाराच्या दुकानात असते तसले भिंग. त्याच्या बाकावर एक जुनी सैनिकी माउझर उघडून ठेविलेली होती. कोणा तरुण शिकाऱ्याने ती रानडुकरासाठी व रो जातीच्या लहान हरणांसाठी आपल्या मापाची करावयास दिली होती. पुतण्या दुभाषा झाला आणि त्या वृद्धाने आम्हांस एकेक गोष्ट दाखविली.

प्रथम बोल्टची मूठ. सैनिकी बंदुकीत ती बाजूस सरळ आडवी असते. वर दुर्बीण बसविली की मूठ उचलताना दुर्बिणीस अडते. म्हणून ती तापवून खाली वाकवावी लागते. परंतु पुढच्या कानांना उष्णता पोचली तर त्यांचा कठीणपणा जाईल आणि पुढे जीवावर बेतेल. तेव्हा पुढचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळून मगच मूठ तापवावयाची. सुरक्षेचा खटकाही सैनिकी बंदुकीत उभा राहतो, त्याजागी बाजूस वळणारा आखूड खटका बसविला होता. चाप सैनिकी बंदुकीत जड असतो. येथे त्याजागी दोन चापांची जोडी होती. मागचा ओढला की पुढचा इतका हलका होतो की नुसत्या स्पर्शाने सुटावा. "सैनिकाला घाई असते, शिकाऱ्याला नसावी," असे तो वृद्ध म्हणाला.

मग दस्ता. माळ्यावर अक्रोडाच्या जाड फळ्या रचून ठेविल्या होत्या. प्रत्येकीवर खडूने साल लिहिले होते. कित्येक वर्षे वाळल्यावाचून लाकडास हात लावावयाचा नाही, कारण ओले लाकूड पुढे वळते आणि नळीस ढकलून नेम चुकविते. पोलाद लाकडात बसविण्याची रीत पाहून आमच्या सौ. तर खुर्ची सोडून उठून उभ्या राहिल्या. पोलादाला दिव्याची काजळी फासावयाची, ते लाकडाच्या खाचेत हलकेच दाबावयाचे आणि उचलावयाचे. जेथे काळा डाग उमटला तेथे लाकूड उंच आहे असे समजून पटाशीने तेवढाच कण खरवडावयाचा. पुन्हा काजळी, पुन्हा डाग, पुन्हा पटाशी. शेकडो वेळा असे केल्यावर सबंध खाच सारखी काळी होते, तेव्हा पोलाद व लाकूड एकमेकांस कडेपासून कडेपर्यंत भेटले असे समजावयाचे. त्यानंतर जवसाचे तेल, एका वेळी थेंब दोन थेंब, तळहाताने चोळून जिरवावयाचे, असे कित्येक आठवडे. "आमच्याकडे लोणच्याला आणि काजळाला एवढा सायास करतात," असे सौ. म्हणाल्या, ते ऐकून तो म्हातारा मनापासून हसला.

नळीचा रंग म्हणजे रंग नव्हेच. तो गंज आहे. स्वच्छ पोलादावर आम्लाचे पाणी लावून तांबडा गंज मुद्दाम चढू द्यावयाचा, मग नळी उकळत्या पाण्यात ठेवावयाची. तांबडा गंज काळा होतो. वरची भुकटी तारेच्या ब्रशाने झाडावयाची आणि पुन्हा आरंभ करावयाचा. सहा, आठ, दहा वेळा असे केले म्हणजे तो गहिरा निळसर काळा थर चढतो आणि तोच पुढे नळीचे गंजापासून रक्षण करितो. आणि नळी किंवा बोल्ट ह्यांपैकी काही बदलले तर बंदूक उल्म येथील सरकारी परीक्षागृहात जाते. तेथे नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून पाहतात आणि ती टिकली तरच छाप मारतात. छापावाचून ती गिऱ्हाइकाच्या हाती देता येत नाही.

हे सर्व पाहून पुतण्याचा उत्साह दुणावला. त्याने खिशातील दूरध्वनीवर आमच्या बंदुकीची छायाचित्रे काढून दाखविली. प्रत्येक भागाचे माप त्याने टेपने घेऊन ठेविले होते. "आमचीही अशीच करावयाची आहे," तो म्हणाला. वृद्धाने भिंग सरसावून चित्रे पाहिली. यंत्राचे चित्र पाहून त्याने मान डोलाविली, आणि तेथे छिद्रे पाडू नका असे सांगितले. बाकावरच्यासारख्या सैनिकी बंदुका लाखो आहेत, त्या वाटेल तशा बदलाव्यात. पण ओबर्नडॉर्फमध्येच शिकारीसाठी बांधलेली, मूळ स्थितीतली बंदूक विरळ, आणि एकदा पाडलेले छिद्र पुन्हा न पाडल्यासारखे होत नाही. मग तो दस्त्याच्या चित्रावर आला आणि थांबला. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे माप त्याने दोनदा विचारले. बारा इंचांस थोडे अधिक. सामान्य पुरुषास साडेतेरा ते चौदा इंच लागतात.

"तुमचे आजोबा ठेंगणे होते का?" त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, "छे! माजघराच्या दारातून जाताना त्यांना वाकावे लागे. सहा फुटांचे होते."

"मग ही बंदूक त्यांच्यासाठी कापलेली नाही. हे पाहा, करवत किती सरळ चालली आहे, आणि टोकाचा कोन मूळचाच राखला आहे. ज्याने हे केले तो बंदूककार नव्हता, पण त्याने कोणाचे तरी माप घेतले होते."

असे म्हणून त्याने कोपऱ्यातून एक नुसता लाकडी दस्ता काढला, ज्यास नळी नाही, यंत्र नाही. तो सौ.च्या हातात दिला आणि टोक कोपराच्या वळणात धरून बोट चापाच्या जागी न्यावयास सांगितले. माप पाहण्याची ही त्या धंद्यातली जुनी रीत आहे. बोट नेमके जेथे पोचावे तेथे पोचले. तो दस्ता बारा इंचांचा होता. "इतक्या उंचीचे कोणी तरी," वृद्ध म्हणाला.

आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या लग्नात सौ.स आजीच्या पाटल्या घातल्या, त्या सोनाराकडे न नेता नेमक्या बसल्या होत्या. आजीची लुगडीही तिला तशीच होत असत. घरात तो कौतुकाचा विषय होता. परतीच्या गाडीत पुतण्या फार बोलला नाही. नेकार आता आमच्याबरोबर वाहत होती.

आजीच्या त्या दिवसांची साक्ष देणारे एकच माणूस आता उरले आहे: नागपूरच्या आमच्या थोरल्या आत्याबाई, वय वर्षे ८९. श्रावणात आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. प्रश्न विचारताच त्या म्हणाल्या, "त्यात एवढे विचारण्यासारखे काय? ती आईचीच बंदूक."

आम्ही म्हणालो, "पण आत्या, हे आम्हांस कोणी कधी सांगितले नाही."

"तुम्ही कोणी कधी विचारले का?"

मग त्यांनी सांगितले. साल १९४३ चे. आत्याबाई आठ वर्षांच्या. आजोबा महिन्यातून दहा-दहा दिवस दौऱ्यावर असत आणि आलापल्लीच्या बंगल्यात आजी, तीन मुले आणि एक म्हातारा शिपाई एवढीच माणसे. बंगल्याभोवती एक बिबट्या फिरू लागला. आधी शिपायाची शेळी गेली, मग एके रात्री व्हरांड्यातला कुत्रा गेला. आजोबांनी आजीला बंदूक शिकविण्याचे ठरविले. पण बंदूक खांद्यास लावली की तिचे बोट चापापर्यंत पोचेना. तेव्हा लाकडाच्या डेपोवरचा सुतार बोलाविला. परक्या पुरुषाने साहेबांच्या बायकोचे माप कसे घ्यावे? त्याने दुरून सुतळी दिली. आजीने पदर खोचून तिचे एक टोक कोपरात धरले, दुसरे बोटापर्यंत ताणले आणि स्वतः गाठ मारली. त्या गाठीवर सुताराने करवत चालविली आणि कापलेल्या तोंडावर डेपोतल्या सागवानाची फळी बसविली.

"मग आजीने बिबट्या मारला?" आमचा पुढचा प्रश्न.

"छे ग बाई! एका रात्री तो पायऱ्यांपर्यंत आला, तेव्हा आईने आभाळाकडे धरून दोनदा चाप ओढला. बिबट्या गेला तो पुन्हा आला नाही. आईचा खांदा आठ दिवस काळानिळा होता, मी तिला तेल लावीत असे. पण त्या रात्रीपासून आम्हा मुलांची भीती गेली. बाबांना पुढे पुष्कळदा लोक म्हणाले की दस्ता पुन्हा लांब करून घ्या. बाबांनी केला नाही. बदली झाली तरी तीच आखूड बंदूक ते मान वाकवून वापरीत."

आमच्या घरात आजीची आठवण म्हणून पाटल्या आहेत, एक ताम्हन आहे, पुरणयंत्र आहे. तिच्या धैर्याची आठवण म्हणून काही आहे हे आम्हांस ठाऊकच नव्हते. आणि जे होते त्याला आम्ही ठिगळ म्हणत होतो. ओबर्नडॉर्फला पाहिलेली ती बाकावरची सैनिकी बंदूक आम्हांस आठवली. लाखांतली एक, कोणाचीही नव्हे, अशी ती बंदूक एका जिवंत माणसाच्या मापाची होत होती; ती खरी सुधारणा, आणि त्या वृद्धाच्या हातांचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु आमच्या बंदुकीची ती सुधारणा १९४३ सालीच होऊन चुकली होती. तिच्यावर आता नवा दस्ता चढविणे म्हणजे एका माणसाचे माप पुसून टाकणे झाले असते, आणि तेही कोणाच्याही उपयोगासाठी नव्हे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीस बंदूक पाटावर ठेविली. नळीवरचा गंज परवानाधारक कारागिराकडून तेवढा काढून घेतला होता आणि फळीचा एक सैल झालेला पितळी स्क्रू आवळून घेतला होता. त्याहून अधिक काही केले नाही. आत्याबाई नागपूरहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी हळदकुंकू यंत्रावर न वाहता सागवानाच्या फळीवर वाहिले. पुतण्या दूरदेशातून दूरध्वनीच्या पडद्यावर हजर होता. आम्ही त्यास म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर दसऱ्यापर्यंत द्यावयाचे होते."

तो म्हणाला, "काका, उत्तर मला त्या म्हाताऱ्याच्या दुकानातच मिळाले. फक्त एक करा. ही हकीकत लिहून परवान्याच्या कागदांबरोबर ठेवा. माझ्या मुलांना ते ठिगळ वाटायला नको."

त्याप्रमाणे ही हकीकत लिहिली आहे.